थिनरच्या खोलीतले भैरूजी

आमच्या घरात सून मोठ्या दिराशी बोलत नाही. जेठजी समोर आले की घुंगट हनुवटीखाली ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरं माणूस नसलं तर भिंतीला सांगायचं, शेळीला सांगायचं. जेठजीही तेच करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चंपालालजींनी, म्हणजे माझ्या जेठजींनी, यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत माझा चेहरा पाहिलेला नव्हता आणि मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. घरात हे चालून जातं. कारखान्यात मात्र त्यापायी घेवररामजींच्या नाकी नऊ येतात.

आमचा कारखाना जोधपूरला बासनीत आहे. आम्ही नवी कपाटं बनवतो आणि मग ती जुनी करतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला शंभर वर्षांपूर्वीचं कपाट हवं असतं, फक्त त्याला कीड लागलेली नको असते. म्हणून कोऱ्या लाकडाला साखळीने बडवायचं, रंग चढवायचा, तोच रंग पुन्हा पुसायचा, हात लागून झिजतात तसे कोपरे झिजवायचे. हे सगळं पॉलिशखात्यात होतं आणि पॉलिशखातं माझं आहे. माझे पती जुगराजजी माल विकत गावोगाव फिरतात. त्यांनीच एकदा, हिला रंगाची नजर आहे, म्हणून मला इथे आणून बसवलं. त्याआधी मी घरी गच्चीवर भाजीसाठी सांगरीच्या शेंगा वाळवत होते आणि सासूबाईंच्या हाताखाली पापड लाटत होते. पॉलिशखात्यात मी हा रंग फिका आहे म्हटलं की तो फिका असतो. जगात एवढी एकच जागा आहे जिथे माझं म्हणणं चालतं, त्यामुळे ती मला जिवापलीकडे प्रिय आहे.

घेवररामजी या खात्याचे मिस्त्री. हात सोन्याचा, ओठात कायम बिडी. जेठजी आणि मी एकाच आवारात उभे असलो की ते मधे उभे राहतात.

"घेवरा, बींदणीला सांग, रंग गडद झालाय," जेठजी म्हणतात. बींदणी म्हणजे सून, म्हणजे मी.

"घेवरजी, त्यांना सांगा, वाळल्यावर उतरेल," मी म्हणते.

आम्ही तिघे एका हाताच्या अंतरावर असतो. तिघांनाही सगळं ऐकू येतं. तरी घेवररामजी दोन्हीकडे वळून वळून सांगतात, आणि सांगताना पदरची साखर घालतात. मी "त्यांना म्हणावं, एवढी घाई असेल तर स्वतः पुसा" म्हटलं की ते जेठजींना सांगतात, "भाभीसा म्हणतात, आपल्या हाताला जी सफाई आहे ती आम्हाला कुठून येणार, सेठजी." जेठजी खूश होतात. मी घुंगटात दात खाते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला अग्निशमन खात्याचे शेखावत साहेब तपासणीला आले. आवारात पाय टाकला आणि त्यांनी नाक वर केलं. वास घेत घेत ते बरोब्बर जिन्याखाली पोचले. तिथे आमचं वापरलेलं थिनर होतं. ब्रश आणि फवारणीची पिचकारी धुतली की जे गढूळ थिनर उरतं ते टाकून देववत नाही आणि वापरवतही नाही. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये, कापलेल्या तेलाच्या डब्यांत, एक तर चक्क लोणच्याच्या बरणीत साठलेलं होतं. एकावरही झाकण नव्हतं. शेजारी जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग होता, आणि वर विजेचा बोर्ड.

"हे कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

घेवररामजींनी बिडी पाठीमागे लपवली, म्हणजे बरणीच्या अगदी वर.

साहेबांनी ती बिडी त्यांच्या हातातून काढून लांब नेऊन विझवली आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता. "थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते," ते म्हणाले. "ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. लांब कुठे ठिणगी सापडली की तिथे पेटते आणि आग उलटी धावत डब्यापाशी येते. आणि या चिंध्यांना तर ठिणगीचीही गरज नाही, ढिगात तापून आपोआप पेटतील." जून उजाडायच्या आत हे नीट ठेवा, मी परत येतो, नाहीतर पॉलिश बंद, एवढं सांगून ते गेले.

जेठजींनी तिथल्या तिथे निकाल लावला. "घेवरा, बींदणीला सांग, पॉलिशचं काम बाहेर देऊन टाकू. कंत्राटदार तयार आहे. तो करील आणि त्याचं थिनर तो सांभाळील. घरच्या बाईने या वासात कशाला बसायचं?"

पुन्हा गच्ची, पुन्हा सांगरी. मी म्हटलं, "घेवरजी, त्यांना सांगा, थिनर ठेवायला सोय करते. नव्या बांधकामाला लागतो तसा खर्च करणार नाही. साहेब नापसंत म्हणाले तर मी दुसऱ्या दिवसापासून येणार नाही."

घेवररामजींनी सांगितलं, "भाभीसा म्हणतात, आपला आशीर्वाद असू द्या." पण जेठजींनी मूळ वाक्य ऐकलं होतंच. ते म्हणाले, "ठीक आहे. साहेब ठरवतील."

मी कामाला लागले. आवाराच्या पार टोकाला, भट्टी, वेल्डिंग आणि विजेच्या तारा यांपासून लांब, कुंपणाची भिंत घालताना उरलेल्या दगडी लाद्या पडून होत्या. त्यांचीच चार हातांची खोली उभी केली. जुने दरवाजे विकत घेताना कधीतरी दोन दगडी जाळ्या आल्या होत्या, त्यांना गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. एक जाळी भिंतीत अगदी जमिनीलगत बसवली, कारण जड वाफेने तिथूनच बाहेर पडायचं, आणि दुसरी छताखाली, वारा आत यावा म्हणून. दाराशी वीतभर उंच उंबरा घातला. ड्रम कलंडला तरी थिनर खोलीतच राहावं, आवारभर फिरायला निघू नये. आत दिवा नाही, बटण नाही. ओतायचं ते दिवसाउजेडी.

ड्रम विकत आणले नाहीत. थिनर ज्या लोखंडी ड्रममधून येतं, त्यांतलेच न गंजलेले, फिरकीचं झाकण घट्ट बसणारे ठेवले. लाल रंगात 'वापरलेलं थिनर' लिहिलं. काठोकाठ भरायचं नाही, उन्हाने ते फुगतं, म्हणून आत खूण केली. ओतताना घर्षणाने बारीक ठिणगी पडू शकते, तेव्हा ड्रमला तांब्याची तार बांधून ती जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली, म्हणजे अर्थिंग केलं. घेवररामजी म्हणाले, "भाभीसा, ड्रमला राखी बांधलीत." चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी. बाहेर वाळूच्या बादल्या. आणि वापरलेलं थिनर गाळून पुन्हा विकणारा परवान्याचा माणूस बासनीतच निघाला. दुसरं काही मिसळलेलं नसेल तर दर महिन्याला फुकट उचलतो म्हणाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. मे महिन्यात जोधपूरला, खालून वारा, वरून वारा आणि जाड दगडाच्या भिंती अशी खोली मी बांधली होती. साऱ्या कारखान्यात तेवढी एकच थंडगार जागा झाली. दुपारच्या सुट्टीत बघते तर सगळे कारागीर तिच्या सावलीत, खालच्या जाळीला पाठ लावून, मिर्चीवडे खात बसलेले. आणि वड्यानंतर बिडी.

'बिडी ओढू नये' असं लिहून घेतलं. घेवररामजींनी पाटी पाहिली, "अक्षर छान आहे," म्हणाले आणि पाटीच्याच खरखरीत कडेवर काडी ओढली. मी दंडाची भाषा केली. त्यांनी घरच्या माणसासारखं हसून सोडून दिलं. मी रागावले, ओरडले, एकदा वाळूची बादली त्यांच्या पायावर ओतली. दुसऱ्या दिवशी त्या वाळूत त्यांनी बिड्या विझवल्या.

शेवटी मी देवाला हात घातला. सकाळी कोणी यायच्या आधी लादीचा एक उभट तुकडा घेतला, तेलात शेंदूर कालवून माखला, वर चांदीचा वर्ख चिकटवला आणि खालच्या जाळीशेजारी मातीत रोवला. आमच्याकडे अशा दगडाची चौकशी कोणी करत नाही. शेंदूर दिसला की ते भैरूजी, म्हणजे भैरवनाथ.

कारागीर आले, थबकले, चपला काढल्या. घेवररामजींनी ओठातली बिडी काढून फाटकाबाहेर फेकली आणि कान धरले. त्या दुपारी कोणी तिथे बसलं नाही. मी इतकी खूश झाले की दोन कचोऱ्या खाल्ल्या.

माझी खुशी टिकली दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जाळीत अगरबत्ती खोचलेली. मी ती उपटून विझवली. संध्याकाळी दिवा होता. तो फुंकला. मग कोणीतरी कापूर आणला. जिथे पाच बिड्या ओढल्या जात होत्या तिथे आता भक्तिभावाने अख्खी आग येऊ लागली, आणि मी तिला नाही तरी कसं म्हणू? बिडीला शिव्या देता येतात. एका दुपारी घेवररामजी दारूची बाटली घेऊन आले. भैरूजींना दारू चढवतात, ते बरोबरच होतं. त्यांनी थोडी दगडावर ओतली, थोडी स्वतः घेतली.

"घेवरजी, थिनर कमी पडलं म्हणून वर दारू?" मी विचारलं.

"भाभीसा, देव आपणहून आवारात आलेत. कोरडे कसे ठेवायचे?"

जेठजींची तर भक्ती उतू जात होती. "घेवरा, बींदणीला सांग, काळजीचं कारण नाही. साक्षात भैरूजी राखणीला बसलेत, साहेब काय करणार?" देव मीच आणलाय हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं. पण सांगितलं असतं तर थिनर राहिलं बाजूला, शेंदराची थट्टा केली म्हणून मीच घरी बसले असते. मी गप्प राहिले आणि दर तासाला काहीतरी विझवत हिंडले.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी मी पॉलिशच्या शेडमध्ये होते. घेवररामजी खोलीत, ड्रमचं झाकण उघडून नरसाळ्याने कालचं थिनर ओतत होते. वारा पडलेला होता. मी सहज बाहेर पाहिलं आणि हातातला ब्रश खाली पडला. जेठजी सोवळं नेसून, अनवाणी, हातात घमेलं घेऊन खोलीकडे चालले होते. घमेल्यात गोवऱ्यांचे रसरशीत निखारे आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी. तपासणी पार पडावी म्हणून भैरूजींपुढे ज्योत करायला निघाले होते. ज्योत करायची म्हणजे निखाऱ्यावर तूप घालायचं, की भडका उठतो. तो उठणार होता खालच्या जाळीपुढे, आणि जाळीतून त्या वेळी वाफ बाहेर येत होती.

मधे सांगायला कोणी नव्हतं. सांगणारा माणूस खोलीत ड्रमवर वाकलेला होता.

मी धावले. घुंगट मागे उडाला, अंबाडा सुटला, पायातली एक चप्पल वाटेत राहिली. "थांबा! पुढे एक पाऊल टाकायचं नाही. ती आग मागे न्या."

जेठजी जागच्या जागी थिजले. निखाऱ्यांना ते घाबरले नव्हते. सुनेचा उघडा चेहरा, मोकळे केस आणि धापा टाकत त्यांच्याशी बोलणारा घोगरा आवाज बघून त्यांचे डोळे फिरायचे बाकी होते. आता पुढे काय होईल ते मला कळत होतं. यापेक्षा स्फोट परवडला असता असं एक क्षण वाटून गेलं.

घेवररामजी खोलीतून डोकावले. त्यांनी घमेलं पाहिलं, मला पाहिलं, जेठजींना पाहिलं. मग अत्यंत शांतपणे ड्रमचं झाकण लावलं, बाहेर आले आणि माझ्यापुढे लोटांगण घातलं.

"सेठजी, भैरूजी बोलताहेत. भाभीसांच्या अंगात आलेत."

खरंच तर. सून कधी बोलते का जेठाशी? देवच असणार. जेठजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते हात जोडू पाहत होते, पण हातात घमेलं होतं.

"हुकम करा, महाराज," ते म्हणाले.

मला एक श्वास घ्यायला वेळ मिळाला. मग मात्र मी भैरूजींना काही कमी पडू दिलं नाही. जरा डोललेसुद्धा. "ते घमेलं फाटकाबाहेर ठेव. मला इथे आग नको. दिवा नको, अगरबत्ती नको, कापूर नको. काय वाहायचं ते फूल वाहा."

जेठजी घमेलं फाटकाबाहेर ठेवून पळत परत आले.

"आणि प्रसाद, महाराज?" घेवररामजींनी जमिनीवरूनच विचारलं. "बाटलीचा?"

"फाटकाबाहेर. बिडीही फाटकाबाहेर. माझ्या ड्रमचं झाकण उघडं ठेवील त्याचं तोंड मी कायमचं उघडं ठेवीन. ओतताना अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. खुणेच्या वर भरायचं नाही."

"तार, हुकम. खूण, हुकम," सगळे कारागीर पुटपुटले.

"आणि पॉलिश या आवाराबाहेर जाणार नाही. ज्या बाईने ही खोली बांधली तीच ते सांभाळील."

जेठजींनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझं काळीज इतकं धडधडत होतं की अंगात आल्याचं सोंग करायची गरजच उरली नाही. मग ते वाकून म्हणाले, "हुकम." मी रीतीप्रमाणे मटकन खाली बसले, घुंगट ओढला आणि भैरूजी गेले.

तासाभरात शेखावत साहेब आले. नाक वर केलं, वास मिळेना. खोलीपाशी बसून त्यांनी खालच्या जाळीत हात घातला, उंबरा चपलेने ठोकून पाहिला, झाकण फिरवून बघितलं, तार ओढून बघितली. चिंध्यांचा डबा उघडून पाणी पाहिलं आणि मान हलवली. शेंदरी दगडाकडे वळून म्हणाले, "यांना काही पेटवत नाही ना?"

"फक्त फुलं," जेठजी म्हणाले. "त्यांचाच हुकम आहे."

"देव समजूतदार दिसतोय. याला कितीसा खर्च आला?"

"पडीक मालच वापरला, साहेब," घेवररामजी म्हणाले.

"पसंत," साहेब म्हणाले. "एकच राहिलं. किल्ली कोणाकडे, जबाबदार कोण, ते नाव दारावर लिहा. रात्रीबेरात्री आमच्या माणसांनी कोणाला हाक मारायची?"

एक कारागीर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दाराशी उभा राहिला. जेठजींनी घेवररामजींकडे पाहिलं.

"भाभीसा," घेवररामजी म्हणाले.

"भाभीसा हे नाव झालं का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारागिरांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि जेठजींनी सुनेचं नाव घ्यायची रीत नव्हती. इतकी वर्षं त्या आवारात वावरले, पण मी भाभीसा होते, बींदणी होते, आज सकाळी थोडा वेळ भैरूजी होते. त्या ब्रशवर रंग वाळत होता आणि मला एकदम फार वाईट वाटलं. कुणाच्या अंगात न येता मी बोलले तर काय होईल? घेवररामजी सांगतील म्हणून थांबले, पण त्यांनाही ते सांगता येणार नव्हतं.

"लिहा," मी घुंगटातून म्हटलं, मोठ्याने, पण साध्या आवाजात. "सुगनी जांगिड."

घेवररामजींनी सवयीने तोंड उघडलं, जेठजींकडे वळले आणि तसंच मिटलं. कारागिराने नाव लिहिलं. साहेब सही करून गेले.

मी जायला निघाले तेव्हा जेठजी जाळीकडे तोंड करून उभे होते. "घेवरा," ते म्हणाले, "बींदणीला सांग..." आणि थांबले. घेवररामजी जागचे हलले नाहीत. त्या भल्या माणसाला सकाळी खरंच भैरूजी दिसले होते की कसं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

जेठजींनी घसा खाकरला. माझ्याकडे न बघता, पण माझ्याशी बोलले. "भैरूजींना अर्थिंगमधलं कळतं हे मला ठाऊक नव्हतं."

मी जाता जाता थांबले.

"पुढच्या वेळी देवाला त्रास देऊ नका, सुगनीजी. काही चुकत असलं तर सरळ सांगा."

घुंगटात मला रडू फुटलं, आणि ते आवरता आवरता हसूही.

"मग सांगते," मी म्हटलं. "फाटकाबाहेरच्या घमेल्यात राखेखाली निखारा असेल अजून. कोणी ते आत आणायच्या आधी त्यावर पाणी ओता."

जेठजींनी घेवररामजींना हाक मारली नाही. सोवळ्याचा काचा सावरत ते स्वतःच नळावर गेले आणि बादली भरून फाटकाकडे चालू लागले.